इंजिनाचा आवाज वजा करताना

प्रोजेक्ट सबमिशनचे दिवस आले की आमच्या लॅबबाहेरच्या व्हरांड्यात चपलांचा ढीग वाढायला लागतो. आत धूळ नको म्हणून चपला बाहेर, हा नियम मीच केलेला. एप्रिलचं ऊन, डोक्यावर करकरणारा पंखा, सोल्डरिंगचा राळेसारखा वास आणि अर्धा तास तरी बोर्ड द्या म्हणून दारात काकुळतीला आलेली मुलं. चिप बसवलेले हे बोर्ड मोजके आहेत. ज्या गटाला बोर्ड मिळालेला असतो त्याच्याकडे बाकीचे एका विशिष्ट नजरेनं बघत असतात. तोंडानं ‘घ्या, घ्या, तुमचं होऊ दे’ म्हणतात, आणि डोळे मात्र बोर्डावरून हलत नाहीत. ती नजर मी लांबून ओळखते, कारण ती घेऊन मी एक अख्खा उन्हाळा काढला आहे.

तेव्हा मी इथल्याच एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. मी पाम गावची. बाबा तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये होते. पत्रे ठोकून त्यांना आकार देण्याचं काम. माझी प्रोजेक्ट पार्टनर हेमांगी, घिवलीची. वडिलांची बोट, घर अगदी किनाऱ्याला. माझा आवाज बारीक. शाळेत बाई विचारायच्या, कविता म्हणतेस की मनात वाचतेस? हेमांगीचा आवाज मात्र वाऱ्याच्या तोंडावर घर असणाऱ्या माणसांचा. कानात काही सांगते म्हणायची आणि अख्ख्या कॅन्टीनला कळायचं. लायब्ररीत तिच्याशेजारी बसायला कुणी धजत नसे. मला तिची लाज वाटायची आणि तिचा हेवाही वाटायचा, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी कशा वाटू शकतात याचं मला नवल वाटायचं.

प्रोजेक्टचा विषय तिच्या घरातूनच आला. बोटींवर वायरलेस असतो. तिचे वडील समुद्रावरून बोलायचे तेव्हा त्यांच्या आवाजाबरोबर इंजिनाची धडधडही यायची, आणि तीच जास्त यायची. घरी तिची आई सेट कानाला लावून कपाळाला आठ्या घालायची. “काय बोलतान काय कलत नाय,” म्हणायची आणि अंदाजानं ‘हां, हां’ करायची. मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा हेच चाललं होतं. बाहेर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, त्यांचा वास केसांत बसत होता, आणि हेमांगी मला म्हणाली, “जयू, हे इंजिन काढून टाकता आलं पाहिजे. आवाजातनं.”

काढता येतं, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होतं. दोन माईक घ्यायचे. एक बोलणाऱ्याच्या तोंडाशी, दुसरा इंजिनापाशी. पहिल्यात माणूस आणि इंजिन दोन्ही, दुसऱ्यात नुसतं इंजिन. दुसरं ऐकून ऐकून यंत्र शिकतं की इंजिन कसं वाजतं, आणि पहिल्यातून ते वजा करतं. खाली राहतो तो माणूस. यात गुणाकार-बेरजा मात्र इतक्या की आमच्याकडच्या लहानशा प्रोसेसरला धाप लागायची. तो सगळी कामं एकामागून एक करणारा. लग्नघरात एकच बाई पाहुण्यांना पाणीही देतेय, पोळ्याही लाटतेय, मधेच दारही उघडतेय, तसं त्याचं व्हायचं आणि आवाज तुटक तुटक बाहेर पडायचा. म्हणून त्याच्या शेजारी एक मदतनीस बसवायचा, जो बाकी कशात लक्ष घालणार नाही, फक्त गुणाकार आणि बेरजा करील. कोप्रोसेसर म्हणतात तो हाच. आणि हा मदतनीस बाजारातून तयार आणायचा नाही, आपणच घडवायचा.

ती घडवण्याची चिप मी पहिल्यांदा हातात घेतली तो दिवस मला अजून आठवतो. आत हजारो रिकाम्या खोल्या आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा. कुठली वाट उघडी ठेवायची, कुठल्या खोलीत काय चालायचं, हे आपण लिहायचं आणि बोर्डात भरायचं. भरलं की ती चिप तेच यंत्र होऊन बसते. सकाळी गुणाकार करणारं, दुपारी दुसऱ्या गटाचं ट्रॅफिक सिग्नल, संध्याकाळी आणखी तिसरंच काही. वीज गेली की सगळं विसरते. आमच्याकडे वीज जायचीच. दिवे आले की पुन्हा पहिल्यापासून भरायचं, आणि चिप पुन्हा इतक्या निरागसपणे तयार, जणू आपल्या आधी तिच्यात कुणी राहूनच गेलेलं नाही. खरं सांगते, मला त्या चिपचासुद्धा हेवा वाटायचा. मी मात्र पामची, बारीक आवाजाची, बाबांची मुलगी, ती सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत तीच.

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा घरी असत तेव्हाही घरी नसल्यासारखे असत. शिफ्टवरून आले की जेवायचं, खाटेवर पडायचं. मी काही सांगायला गेले की मान हलवत. मान हलवण्यात हो होतं की नाही, हे मला कधी कळलं नाही. आई म्हणायची, ते ऐकतात गं, बोलत नाहीत एवढंच. आणि तिकडे हेमांगीच्या घरी? बोट लागली की तिचे वडील पाण्यातूनच हाका मारत यायचे. “बाय, कालचं तुजं काय झालं? चालली काय ती मशीन?” गुडघाभर पाण्यात उभे राहून, डोक्यावर टोपली घेऊन, ते तिला प्रोजेक्टचं विचारत. ती तिथूनच ओरडून उत्तर द्यायची, आणि अख्खा किनारा आमच्या गुणाकारांची खबर ऐकायचा. मी वाळूत उभी राहून चपलेतली रेती झटकत राहायचे. माझ्या पोटात काय दुखायचं ते मला पक्कं ठाऊक होतं.

हेवा, असूया, मत्सर असे तीन शब्द आपण वापरतो. हेवा वाटतो असं चारचौघांत सांगता येतं. उरलेले दोन कुणी सांगत नाही. मला जे वाटत होतं ते न सांगण्यातलं होतं. तिच्या आवाजाचं वाटत होतं, तिच्या वडिलांचं वाटत होतं, आणि पुढे पुढे तर तिच्या घरच्या सुकटीच्या कालवणाचंही वाटायला लागलं. ती मात्र मला ताटावर बसवून जास्तीचा भात वाढायची. माणूस वाईट असता तर जळायला सोपं गेलं असतं.

कामाची वाटणी अशी झाली होती की गुणाकाराचं यंत्र माझं, आणि माईक, वायरलेसची जोडणी, बोटीवरची मांडणी तिची. मी माझं यंत्र असं रचलं की सगळे गुणाकार एका दमात व्हावेत. एकाच ठोक्याला सगळे गुणक, म्हणजे गुणाकार करणारे भाग, चालायचे आणि बेरजांची उतरंड खाली एका आकड्यात येऊन थांबायची. कागदावर काढलं की ते इतकं देखणं दिसायचं की मी ते उगाचच पुन्हा पुन्हा काढायचे. आमचे प्रोजेक्टचे सर म्हणाले, फार वेगवान आहे हे. एवढ्या एका वाक्यावर मी आठवडाभर हवेत होते. घरी जाऊन बाबांना सांगितलं. “परीक्षा शुक्रवारी आहे, तुमची सुट्टी असते. या ना बघायला. माझं काम चालताना दिसेल.” एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी बाबा शेताकडे जात किंवा झोपत. बाबांनी मान हलवली. मी पुन्हा विचारलं, अजून जवळ जाऊन. त्यांनी पुन्हा हलवली.

मला बाकी काही नको होतं. मार्क मिळालेच असते. मला एवढंच हवं होतं की त्या चिपमध्ये माझं यंत्र चालू असावं आणि बाबांनी तिथे उभं राहून ते बघावं.

परीक्षेच्या आधी आम्ही बोटीवर चाचणी घेतली. बोट किनाऱ्याजवळच उभी, इंजिन चालू, तिचे वडील माईकपाशी, आणि आम्ही दोघी वाळूवर सेट घेऊन. पलीकडे वीज केंद्राचे दिवे दिवसाही लुकलुकत होते. लॅबमध्ये सगळं झकास चाललं होतं, त्यामुळे मी निर्धास्त होते. सेटमधून इंजिन कमी कमी होत गेलं. खूप छान कमी झालं. आणि त्याच्याबरोबर तिचे वडीलही कमी कमी होत गेले. शेवटी सेट अगदी शांत झाला. समोर बोटीवर ते तोंड उघडून काहीतरी सांगत होते, हात हलवत होते, आणि आमच्या यंत्रानं त्यांना चांगलं घासून पुसून काढलं होतं.

चूक माझी होती आणि ती कळायला वेळ लागला नाही. लॅबमध्ये मी माझ्याच आवाजावर चाचण्या घेतल्या होत्या. माझा आवाज दुसऱ्या माईकपर्यंत कधी पोचलाच नाही. तिचे वडील मात्र इंजिनाच्या डोक्यावर उभे राहून, लाटांच्या वरून बोलायच्या सवयीनं बोलत होते, आणि इंजिनाजवळच्या माईकलाही ते स्वच्छ ऐकू जात होते. यंत्राला वाटलं, हेही इंजिनच. शिकलं आणि वजा करून टाकलं.

“त्यांना जरा हळू बोलायला सांगितलं तर?” मी म्हटलं.

हेमांगी हसली. “आमचा बाबा हळू बोलला तर आय डॉक्टर बोलवील.”

तिनं उपाय शोधला तो दोन दिवसांत, आणि तो इतका सरळ होता की मला तिचा राग आला. माणूस बोलायला लागला की यंत्रानं शिकायचं थांबायचं. गप्प असेल तेव्हा इंजिन शिकून घ्यायचं, बोलेल तेव्हा जे शिकलंय तेवढंच वापरायचं. फक्त कोण केव्हा बोलतंय हे ओळखणारा एक भाग त्यासाठी वेगळा लागणार होता, आणि तो चिपमध्ये मावेना. सगळ्या खोल्या माझ्या देखण्या यंत्रानं अडवल्या होत्या. सरांनी कागद बघितले, पेन्सिल कानावर ठेवली. “जयश्री, तुझे सगळे गुणाकार एकदम कशाला व्हायला हवेत? एकच गुणक ठेव, त्याच्याकडून पाळीपाळीनं करून घे. माणसाच्या आवाजाला एवढी घाई नसते. चिप त्याच्यापेक्षा कितीतरी जलद आहे.”

बरोबर होतं ते. मी ज्या वेगावर तरंगत होते तो कुणाला नकोच होता. एक गुणक, त्याच्याभोवती चार तारा, आणि उरलेल्या जागेत हेमांगीचा भाग. तो एक गुणकही तिनंच बसवला, कारण तिला तिच्या भागाशी त्याचं जुळवून घ्यायचं होतं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे काही नव्हतंच. बोर्ड बंद केला, चालू केला, नवं भरलं. माझं यंत्र जिथे होतं तिथे आता तिचं होतं, आणि चिपला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही. बोटीवरून तिचे वडील बोलले ते असं आलं, जणू शेजारी उभं राहून बोलतायत. तिची आईही वाळूवर आली होती, तिनं सेट हातात घेतला. मग म्हणाली, “अरे, याला सर्दी झालीय.” इतकी वर्षं इंजिनाखाली सर्दीसुद्धा कधी ऐकू आली नव्हती. सगळे हसले. मीही हसले, आणि मग करवंदं आणते म्हणून नाक्यापर्यंत एकटीच चालत गेले. डोंगराकडून आलेली एक बाई पानांचे द्रोण मांडून बसली होती. तिच्यासमोर उभी राहून मी डोळे पुसले. तिनं मूठभर करवंदं वर टाकली.

शुक्रवारी बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, तेल लावलेले केस. मला वाटलंच नव्हतं की येतील. आता येऊ नका म्हणावं असंही मनात येऊन गेलं होतं, पण म्हटलं नाही. मी त्यांना टेबलापाशी नेलं आणि सगळं समजावलं, परीक्षकांना समजावलं त्याहून मन लावून. आवाज कसा वजा होतो, कसं शिकतं. आणि शेवटी, त्यांच्यासाठी म्हणून, हेही सांगितलं की याच्या आधी मी एक वेगळी रचना केली होती, ती यात नाही, पण सरांनी तिला वेगवान म्हटलं होतं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत मान हलवत होते. मग हेमांगी आली. “काका, हे बघा,” म्हणत तिनं तिच्या नेहमीच्या किनारी आवाजात सगळं पाच मिनिटांत सांगितलं. बाबा पुढे वाकले. त्यांनी प्रश्न विचारला. मग आणखी एक. तिनं विचारलेल्याचं उत्तर दिलं, बाबा हसले. माझ्या आठवणीत बाबा घराबाहेर कुणाशी एवढं बोलल्याचं नव्हतं.

परतताना सहा सीटर रिक्षात आम्ही मागे बसलो होतो. “भैया, और एक आएगा, थोडा सरक लो,” ड्रायव्हर म्हणत होता. बाबा सरकले आणि म्हणाले, “ती पोरगी चांगली सांगते.” बस एवढंच. बेटेगाव मागे गेलं, घर आलं, आणि ते वाक्य माझ्या अंगात काट्यासारखं राहून गेलं. पुढे हेमांगी बेंगळुरूला गेली, कानाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत चिप्स रचायला लागली. तिच्या बढतीचे, घराचे, परदेशवारीचे फोटो येत. मी प्रत्येक फोटोला लाइकचा अंगठा देत असे. आणि प्रत्येक वेळी मनात तेच, चांगली सांगते. मी शिकवायला लागले त्यामागेही ते वाक्य असावं. बघा, मीही सांगते, असं कुणाला तरी दाखवायचं असेल.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. एव्हाना टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना पाठ झाला होता. पालघरच्या डॉक्टरांनी कान तपासले, आलेख काढला. म्हणाले, हे आजकालचं नाही, प्रेसवर राहून फार वर्षांपासून होत आलेलं आहे. जाडा, मोठा आवाज पोचतो. बारीक पोचत नाही. पोचला तरी शब्द विरतात. मी मान हलवली, अगदी बाबांसारखी. कानाचं यंत्र आणलं ते त्यांनी कपाटात ठेवून दिलं. कुकरची शिटी डोक्यात जाते म्हणाले. मग आमचं बोलणं ओरडण्यावर आलं. जेवलात का. गोळी घेतली का. पाणी आलंय. ओरडून बोलायचं म्हटलं की एवढंच बोललं जातं.

या एप्रिलमध्ये हेमांगी घिवलीला आली आणि तिकडून सरळ माझ्याकडे. हातात डब्याएवढी एक पेटी. नवं यंत्र पक्कं व्हायच्या आधी ते अशा बदलत्या चिपवर चालवून बघतात, हे मला सांगायची गरज नव्हती. आत त्याच जातीची चिप होती, फक्त फार मोठी झालेली. बाबांना इतका आनंद झाला की ते खाटेवरून उठून बसले. तिनं त्यांच्या कानाला वायर लावली, मांडीवर लॅपटॉप घेतला, आलेख बघितला. एक रचना भरली. “काका, आता?” बाबा म्हणाले, “भांड्यांचा लय आवाज.” तिनं दुसरी भरली. “आता?” “पंखा करकरतो तो.” तिसरी, चौथी. मग ते दोघं बोलायला लागले. तिच्या वडिलांची तब्येत, बोट कुणी घेतली, जाळ्यात घोळ मासा मिळतो की नाही, पामला पाणी भरतं का. बाबा बोलतच होते. मी स्वयंपाकघरात चहा ठेवून उभी होते आणि माझा तिळपापड होत होता. माझ्याच घरात, माझ्याच बापाला, माझ्याच विषयातलं यंत्र घेऊन. वर्षानुवर्षांच्या सवयीनं मी आधणाकडे बघत पुटपुटले, “तिच्यापुढे किती गोड बोलतात.”

“गोड काय,” बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, “रोजसारखाच बोलतो.”

गॅस मंद करायला गेलेला माझा हात तिथेच राहिला. ओट्यापाशी मी इतकी वर्षं काय काय पुटपुटले होते ते सगळं आठवून कान तापले. हेमांगीनं माझ्याकडे बघितलं. फोन करून येते म्हणत ती जिन्यात गेली. बाहेरच्या खोलीत बाबा, मी, आणि मधे तिची पेटी. चहाचा कप त्यांच्या हातात देऊन मी ओरडले, “साखर बरोबर आहे का?”

“हळू बोल. आयकू येतं मना.”

मला हळू काय बोलायचं ते सुचेना.  बाबांनी चहा बशीत ओतला, फुंकला, त्या फुंकेचाच आवाज ऐकून थांबले. मग म्हणाले, “त्या वर्षी कॉलेजात तू काय सांगत होतीस? टेबलापाशी. तुजं तोंड हालत होतं. मना काय पण कललं नाय. त्या पोरीचं तेवढं आयकू आलं.”

मी खुर्ची ओढून बसले. आवाज जरासा चढवला, मग आठवलं आणि उतरवला. म्हटलं, एक इंजिन होतं, घिवलीच्या बोटीवरचं. त्याच्या आवाजात माणूस बुडायचा. ते कसं काढायचं, दोन माईक कुठे लावायचे, हे सगळं मी सांगायला लागले, आणि दर वाक्याला एकच नाव पुढे येत होतं. हेमांगीचे वडील. हेमांगीची बोट. मग हेमांगीनं काय केलं माहितेय का, त्या चिपमध्ये तिनं...

बाबांनी बशी खाली ठेवली.

“तिचं तवाच कललं,” ते म्हणाले. “तुजं सांग.”